मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलींना स्टॅटिस्टिक्स का नकोसं वाटतं, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. नर्सिंग कॉलेजात शिकवते. बी.एस्सी.ला 'नर्सिंग रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्स' हा विषय असतो, तो यंदा माझ्या गळ्यात पडलाय. (स्टाफरूममध्ये तो कुणालाच नको असतो, मुलींचं काय घेऊन बसलात!)

वॉर्डात याच मुलींना विचारा: एक लिटर सलाइन आठ तासांत संपवायचंय, सेट २० थेंबांचा (म्हणजे एका मिलिलिटरला २० थेंब) आहे, मिनिटाला किती थेंब? "४२, मॅडम," म्हणत घड्याळाकडे बघून रोलर सरकवतातसुद्धा. वर्गात मात्र फळ्यावर सिग्मा (बेरजेचं चिन्ह) काढला की माना खाली. "दहावीनंतर गणित सोडता यावं म्हणून तर बायो घेतलं!" म्हणजे आकडेमोड येत नाही असं नाही. भीती आहे, कंटाळा आहे, की पेशंटशी याचा काय संबंध असं वाटतं? प्रत्येकाचा इलाज वेगळा. प्रोजेक्टचा डेटा तर सरळ बाहेर कुणाला तरी पैसे देऊन 'करून घेतात', आणि व्हायवात "पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली" (म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा वाटत नाही) यापुढे गाडी सरकत नाही.

टर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी सॅट्स-३६ ही स्टॅटिस्टिक्सबद्दल काय वाटतं ते मोजणारी प्रश्नावली भरून घ्यावी म्हणते. ३६ विधानं, सात गुणांची पट्टी, सहा घटक: भावना, आपल्याला जमेल का, उपयोग, अवघडपणा, रस, मेहनत. पण ती इंग्रजीत आहे आणि निम्म्या मुली मराठी माध्यमाच्या. शिवाय इंटर्नलचे मार्क माझ्या हातात, मग खरं कोण लिहील? निनावी ठेवली तर आधीचा आणि नंतरचा फॉर्म जुळवू कसा? कुणी केलंय का असं काही?

प्रतिसाद १
प्रश्नावली नंतर, आधी सिग्मा पुसा! लॅम्प लायटिंगला (नर्सिंगच्या दिवा लावण्याच्या समारंभाला) ज्यांच्या नावाने शपथ घेतात त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंपासून सुरू करा. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्यांनी आकृती काढून सरकारच्या गळी उतरवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला सभासद त्याच. मुलींना दिवा तेवढा माहीत असतो.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण मोजणंही हवं. स्केलच्या कर्त्यांची परवानगी आणि तुमच्या एथिक्स कमिटीची (माणसांवरचा अभ्यास योग्य रीतीने होतोय ना, हे बघणाऱ्या समितीची) मंजुरी आधी घ्या. भाषांतर एकाने करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावं. मग आठ-दहा मुलींना मोठ्याने वाचायला लावा, कुठे अडखळतात ते लगेच कळतं. फॉर्म तुम्ही गोळा करू नका, दुसऱ्या विभागाच्या कुणाला तरी पाठवा. नावाऐवजी कोड घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि तिच्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे. टर्मअखेरही तो आठवतोच.

आणि नकारार्थी विधानांचे गुण उलटे (७ चा १, ६ चा २ असे) करायला विसरू नका. 'अवघडपणा'त तर हमखास घोळ होतो, तिथे जास्त गुण म्हणजे विषय सोपा वाटतो. सहा घटकांची एकच बेरीजही करू नका. उपयोग पटलाय पण धास्ती तशीच आहे, हे त्यात बुडून जातं, आणि तुम्हाला तर नेमकं तेच हवंय.

धागाकर्ती
कोडची युक्ती झकास! सिग्माही पुसते. आता एकच: बॅच छोटी आहे, काही जणी शेवटच्या दिवशी दांडी मारणारच. ज्यांचा दुसरा फॉर्म नाही त्यांना सरळ वगळू का? मला वाटतं, दांडी मारणाऱ्याच जास्त घाबरलेल्या असतील.