क्रोटन घरात ठेवलंय? तुमचा अनुभव लिहा

तीन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला मावशीनं क्रोटन दिलं. पेट्रा जातीचं, रुंद पानं, हिरव्यावर पिवळ्या-केशरी शिरा. पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं आणि दहा दिवसांत निम्मी पानं जमिनीवर. तहानलं असेल म्हणून मी रोज तांब्याभर पाणी घालत राहिले. उरलेलीही गळू लागली तेव्हा आईनं कुंडी आडवी करून माती सोडवली. मुळांची टोकं काळी, मऊ, कुबट वासाची. सडलेला भाग कापला, लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि मूठभर जाड वाळू अशा मिश्रणात पुन्हा लावलं. पाणी तेव्हाच, जेव्हा बोट दोन पेरं आत घालूनही माती कोरडी लागेल. दीड महिना नुसती काठी उभी होती. मग एका सकाळी शेंड्याला कोंब दिसला, आणि मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून तो दाखवला.

झाड आता कमरेएवढं आहे, पण नवीन पानं हिरवीच राहतात. तुमच्याकडे कसं आहे? खिडकी कुठल्या दिशेची, पाणी किती, काय बिघडलं, कशानं सावरलं, सविस्तर लिहा. जी झाडं गेली त्यांच्याबद्दलही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

*दापोलीहून मुंबईत*

आमच्या गावी क्रोटनला कोणी जपत नाही. पावसाच्या तोंडाला फांदी तोडून गडग्याकडेला खोचायची, ती फुटतेच. गणपतीत मखराला पानं लागली की पोरांना अंगणात पिटाळायचं. त्यामुळे मुंबईच्या घरात ते रुसतं हे मला पटत नव्हतं.

एकाच झाडाच्या दोन फांद्या मी आणल्या. एक सोफ्याजवळ, दुसरी पूर्वेच्या खिडकीला चिकटून. वर्षभरात दोन्ही जगल्या, पण बघणाऱ्याला एका आईची लेकरं वाटेनात. सोफ्याजवळची हिरवीगार, लांब दांड्याची. खिडकीतली तांबडी, केशरी, मधूनच जांभळट. ताई, तुमचं उत्तर इथंच आहे. क्रोटनचं कोवळं पान बहुधा हिरवं-पिवळं असतं, लाली वयानं आणि उजेडानं चढते. खिडकीपासून चार पावलं आत आलं की आपल्या डोळ्यांना उजेड तेवढाच वाटतो, झाडाला मात्र तो फारच कमी पडतो. फक्त एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. आठवड्याला थोडं थोडं सरकवा.

*नागपूर*

आमच्याकडे खरा वैरी उन्हाळा. मार्च-एप्रिलची कोरडी हवा सुरू झाली की लाल कोळी, म्हणजे रस शोषणारे अगदी बारीक किडे, येतात. आधी पानावर बारीक फिकट ठिपके, मग पानांच्या बेचक्यात जाळं. पहिल्या वर्षी मी ती धूळ समजून वरून पुसत राहिलो. किडे पानाच्या खाली होते. आता उन्हाळाभर दर रविवारी झाड न्हाणीघरात नेतो, मातीवर प्लॅस्टिक बांधतो आणि पानं खालून नळीनं धुतो. गरज पडली तरच निंबोळी तेल, तेही संध्याकाळी.

कूलरबद्दल सांगतो. त्याची ओलसर हवा क्रोटनला मानवते, पण झोत थेट अंगावर घेतला की पानं टाकतं. आमचं झाड कूलरच्या बाजूला, झोताबाहेर ठेवल्यापासून मे महिनाही निभावतं.

*जमालगोट्याची गोष्ट*

माझे आजोबा झाडपाल्याची औषधं द्यायचे. त्यांनी क्रोटन घरात येऊच दिलं नाही, कारण त्यांच्या पुस्तकात जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम होतं. पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना उलगडा झाला. लिनेयसनं 1753 मध्ये आपल्या या शोभेच्या झाडालाही क्रोटन वंशातच घातलं होतं. नंतर ते कोडियम वंशात गेलं, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव राहिलं. मूळ मुलूख मलेशिया, इंडोनेशिया आणि पॅसिफिकमधली बेटं. कूळ मात्र दोघांचंही एरंडाचंच.

तरी आजोबांची काळजी अगदीच वाया नव्हती. याचा चीक काहींच्या कातडीला खाजतो, कपड्यावर पडला तर तपकिरी डाग जात नाही, आणि पान चघळलं तर पोट बिघडतं. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. छाटताना मी हातमोजे घालते.

*स्टुटगार्ट, जर्मनी*

इथं याला वुंडरश्ट्राउख म्हणतात, म्हणजे नवलाचं झुडूप. माझं पहिलं नवल जानेवारीत दुकानातून घरी येतानाच थंडीनं गेलं. दुसरं मे महिन्यात आणलं. इथं हीटर खिडकीखालीच असतो, त्यामुळे उजेडाची जागा तीच सर्वांत कोरडी. कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेलं ताट ठेवते, कुंडीचं बूड पाण्याला न टेकवता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडांसाठीचा खास दिवा (ग्रो लाइट) रोज बारा तास. पाणी कोमट, आणि उन्हाळ्याच्या निम्मं. आईशी व्हिडिओवर बोलताना ती आधी झाड बघते, मग मला.

*नर्सरीवाला, कोल्हापूर*

आमच्याकडे झाड शेडनेटखाली, दमट हवेत, भरपूर उजेडात वाढलेलं असतं. तुमच्या हॉलमध्ये तेवढ्या पानांना पुरेल इतका उजेड नसतो, म्हणून ते पानं कमी करतं. गिऱ्हाईक घाबरतं आणि पाणी-खत वाढवतं, तिथं झाड मरतं. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जागा न बदलता थांबा.

खाली उघडं पडलेलं झाड टाकू नका, गुटी बांधा. पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या जाडीच्या फांदीवरची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, ओलं मॉस लावून प्लॅस्टिकनं घट्ट आवळायचं. महिना-दीड महिन्यात पांढरी मुळं दिसतात. खालून कापून कुंडीत लावा. उरलेल्या बुंध्यालाही फूट येते.

*पुन्हा मी, पुण्याहून*

दापोलीकर, तुमचं वाचून त्याच दिवशी कुंडी हलवली, दर रविवारी हातभर सरकवत. आज ती पूर्वेच्या खिडकीत पोचली. पाच आठवडे झाले, एकही पान गळलेलं नाही, आणि मधल्या दोन पानांच्या शिरा पिवळ्याच्या केशरी झाल्यात. दादा, गुटी आषाढात बांधते. दोन रोपं झाली की एक मावशीला देणार आहे.