पहाटेचा समुद्रकिनारा: पक्षी कधी जवळ दिसतात?

वाळूघड्याळ: सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचलं तरी एखाद्या दिवशी चिखल्या आणि तुतवार चिखलात पार लांब विखुरलेले असतात, तर दुसऱ्या दिवशी खडकावर माना पंखांत खुपसून झोपलेले. १०×२५ च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, २५ मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीतून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. चुकतंय काय, वेळ की दुर्बीण?

पाणलोट: दोन्ही, पण आधी वेळ. हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि भरतीला उंच जागा धरून विश्रांती घेतात, मग दिवस असो वा रात्र. भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांचा फरक, आणि पहाटे सहाला जिथे ओहोटी होती तिथे भरती! भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि पूर्ण ओहोटी सूर्योदयाच्या तासभर आधी येईल असा दिवस निवडा. उजाडेल तसं पाणी चढतं आणि चरणारे पक्षी आपसूक तुमच्याकडे ढकलले जातात. भरतीच्या रेषेच्या वर, पाठीशी झुडूप किंवा खडक धरून बसून राहा. त्यांच्या मागे चालत जाण्यात काही अर्थ नाही. चरणं थांबवून माना वर झाल्या की तुम्ही फार जवळ आलात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचं पाणी समुद्रात फार मागे हटतं, तेव्हा ओहोटीला सगळेच पक्षी लांब असतात.

दुर्बीणवाला: २५ भागिले १० म्हणजे २.५ मिलिमीटर, एवढाच प्रकाशझोत डोळ्यात जातो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच होतो. झुंजूमुंजू उजेडात हा फरक लगेच कळतो. दहापटीत हात थरथरलेलाही जास्त जाणवतो. काचेवर खारे तुषार सुकले तर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं मऊ कापड.

रंग दिसेपर्यंत चाल बघा. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, कारण तो नजरेने शिकार करतो. तुतवारांपैकी बरेच चोचीने चाचपत, न थांबता टोचत जातात.

खेकडेशास्त्री: पाणलोट यांचा हिशेब पक्ष्यांसाठी ठीक आहे. खडकांतली डबकी बघायची तर उलटं करा: पूर्ण ओहोटी सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी हवी, आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचं. पाणी वळलं की परत फिरा. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं, आणि मागच्या घळी आधी भरतात.

डबक्यावर आपली सावली पडू देऊ नका, पाच मिनिटं गप्प बसा, मग हालचाल सुरू होते. दगड उचललाच तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळून मरतात. शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका, आत जिवंत गोगलगाय असेल तर विषारी डंख मारते. वाळूवर पडलेल्या निळ्या फुग्यासारख्या जीवाचे तंतू तो मेल्यावरही डंखतात.

वाळूघड्याळ: आणि ओल्या वाळूवर बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी असते, ती?

खेकडेशास्त्री: इवले खेकडे वाळूतलं खाद्य गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बाहेर टाकतात. प्रत्येक भरती ती नक्षी पुसते. त्यामुळे दिसते ती याच ओहोटीतली.