ताप म्हणजे बिघाड नव्हे

कुणीतरी म्हटलंय की ताप येतो तेव्हा शरीराचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारी यंत्रणा, बिघडतो. मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट शाबूत असतो, फक्त त्याचा आकडा वर सरकवलेला असतो. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींच्या रसायनांमुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस हा मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग ३७ ऐवजी समजा ३९ अंश सेल्सिअसचं लक्ष्य धरतो. रक्त अजून ३७ लाच असतं, म्हणजे शरीराच्या हिशेबाने आपण गारठलोय! मग त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगावर काटा येतो, दात वाजतात. कपाळ तापलेलं आणि पावलं बर्फासारखी, हे त्यामुळेच. दोन गोधड्या घालूनही हुडहुडी थांबत नाही ती ३९ गाठेपर्यंत.

पॅरासिटॅमॉल तो आकडा खाली आणतं. आता ३९ जास्त ठरतात, म्हणून दरदरून घाम फुटतो. "घाम आला, आता उतरेल" हे आजीचं निदान अगदी बरोबर, फक्त घाम हे नुसतं लक्षण नव्हे, ताप उतरण्याचं साधन आहे.

उष्माघात मात्र वेगळा. तिथे लक्ष्य ३७ च असतं, पण उष्णता बाहेर टाकायची यंत्रणा हरलेली असते. त्यामुळे तिथे पॅरासिटॅमॉल देऊन उपयोग नाही. अंग ओलं करून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा.

जाता जाता: डेझर्ट इग्वाना या सरड्याला स्वतःची उष्णता फारशी निर्माण करता येत नाही. संसर्ग झाला की तो पठ्ठ्या जास्त उबदार जागी जाऊन बसतो आणि ताप 'आणतो'.