आर भाषेतील मॉडेल प्रत्यक्ष प्रणालीत आणावे, की पुन्हा लिहावे?

प्रश्न:
माझे बहुतेक काम जावा आणि पायथनमध्ये चालते. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी आरमध्ये लिहिलेले एक मॉडेल आता रोजच्या वापरातील प्रणालीत आणायचे आहे. ते पायथनमध्ये पुन्हा लिहावे का, हे ठरवण्यापूर्वी या भाषेची बलस्थाने आणि उणिवा डेव्हलपरच्या दृष्टीने समजून घ्यायच्या आहेत.

उत्तर १:
पुन्हा लिहिण्याची घाई करू नये. बेल लॅब्जमधील एस भाषेच्या धर्तीवर रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात आर घडवली ती डेटाच्या विश्लेषणासाठीच, त्यामुळे डेटा फ्रेम (ओळी-स्तंभांचा तक्ता), गहाळ मूल्ये आणि मॉडेलचे सूत्र या गोष्टी तिच्यात मुळातच आहेत. सूत्रात वर्गवारीचा स्तंभ घातला की त्याची डमी चले (वर्ग दाखवणारे ० किंवा १ चे स्तंभ) आर स्वतःच तयार करते. हेच दुसऱ्या भाषेत उतरवताना संदर्भासाठी धरलेला वर्ग जरी बदलला, तरी गुणक वेगळे येतात आणि दोन्हींचा ताळमेळ घालण्यात बराच वेळ जातो.

उत्तर २:
सहमत आहे, पण माझ्या मते खरा धोका असा की जिथे थांबायला हवे तिथे आर थांबत नाही. सहा आकड्यांच्या व्हेक्टरमध्ये (मूल्यांच्या रांगेत) दोन आकड्यांचा व्हेक्टर मिळवला, तर लहान व्हेक्टर तीनदा वापरला जातो आणि साधा इशाराही मिळत नाही. रिकाम्या व्हेक्टरवर १ पासून लांबीपर्यंत लूप लावला, तर तो एकदाही न चालण्याऐवजी दोनदा चालतो, कारण १:० म्हणजे आधी १ आणि मग ०; तिथे सीक-अलाँग (seq_along) हे फंक्शन वापरावे. प्रत्येक घटकावर एखादे फंक्शन चालवणारे सॅप्लाय (sapply) कधी व्हेक्टर देते, कधी मॅट्रिक्स, तर कधी लिस्ट, म्हणून अपेक्षित प्रकार आधीच सांगता येणारे व्हीअ‍ॅप्लाय (vapply) मला अधिक भरवशाचे वाटते. विश्लेषक पडद्यासमोर बसलेला असतो तेव्हा असे घोटाळे त्याच्या नजरेस पडतात. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबकडे पाहायला कोणीच नसते.

आणखी एक: कोड जुना असेल तर तो कोणत्या आवृत्तीवर लिहिला हे विचारा. मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर (वर्गवारीचा डेटा प्रकार) करण्याची पद्धत २०२० साली ४.० आवृत्तीत बदलली.

उत्तर ३:
वेगाचा आणि मेमरीचा प्रश्न आधी मोजून पाहावा. आर सहसा सगळा डेटा मेमरीतच ठेवते आणि तिचा इंटरप्रिटर एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे एकाच वेळी अनेक विनंत्या येणार असतील तर स्वतंत्र प्रोसेस चालवाव्या लागतात. मी मॉडेल आरमध्येच ठेवून प्लंबर (plumber) या पॅकेजने त्याचा एपीआय (इतर प्रणालींना ते वापरता येईल असा दुवा) करीन, पॅकेजच्या आवृत्त्या आरएन्व्ह (renv) या पॅकेजने बांधून ठेवीन आणि येणाऱ्या डेटाचे प्रकार व लांबी दारातच तपासून, काही जुळले नाही तर तिथेच एरर देईन.