हिवाळाभर शिडाच्या जहाजावर फुकट राबावं का?

खारावारा: मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, नोकरी नुकतीच सुटलीय. इथल्याच एन्कहाउझन बंदरात एका जुन्या क्लिपरवर (शिडाच्या जहाजावर) नोव्हेंबर ते मार्च स्वयंसेवक हवेत. राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही. मला यातलं काहीच येत नाही. जाऊ का?

मालवणची_माई: जा रे, पण शिडाची स्वप्नं घरी ठेव. मी दोन हिवाळे काढलेत. शिडं उतरवलेली असतात. पहिले तीन आठवडे हातोडीने गंजाच्या खपल्या पाडायच्या, मग तारेचा ब्रश, मग प्रायमर. गॉगल न लावता एकदा काम केलं, रात्री डॉक्टर गाठावा लागला. व्हार्निश थंडीत, दमटात नीट वाळत नाही, म्हणून आम्ही लाकडी काठ्या शेडमध्ये नेऊन घासायचो. आणि दोरांना लावायचं ते डांबर! केसांतला वास आठवडाभर जात नाही.

खारावारा: झोपायला?

मालवणची_माई: अरुंद बंक. शेगडी विझली की गोल खिडकीतून आत पाणी ठिबकतं, आपल्याच श्वासाचं. लोकरीचे मोजे दुप्पट ने.

तांडेलाचा_नातू: हर्णैला आम्ही पावसाळ्यात होड्या वर ओढून डागडुजी करतो, तेच हे, फक्त ऋतू वेगळा. अपघात झाला तर विमा कोणाचा, ते आधी लेखी घ्या.