सर्जिकल आयसीयूत पीए आहे, पुढचं ट्रेनिंग कुठं घ्यावं?

माजलगावचा_पीए

नमस्कार मंडळी. मी माजलगाव तालुक्यातला. संभाजीनगरात एका खाजगी दवाखान्याच्या सर्जिकल आयसीयूत फिजिशियन असिस्टंट आहे, दोन वर्षं होतील दिवाळीला. बी.एस्सी. चेन्नईकडं केलं, तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. गावात पीए झालो म्हणून सांगितलं तर निम्म्या लोकांना वाटलं आमदाराचा पीए झालो. चुलत्यानं लगेच शेतातला जळालेला डीपी बदलून मागितला. अजूनही मागतो.

काम सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी सातला रिपोर्ट गोळा करायचे, राउंडच्या आधी दहा बेडचे आकडे तोंडपाठ पाहिजेत, मग नोट्स, ड्रेसिंग, ड्रेन (आत साठलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घालायची नळी) हाताखाली उभं राहणं, डिस्चार्ज समरी. रात्री मी, एक बीएएमएस आरएमओ (रात्री हजर असणारा डॉक्टर) आणि चार सिस्टर. सर्जन घरी, फोनवर. ऊसतोड चालू झाली की ट्रॉलीखाली आलेले, फडात पडलेले, बैलानं शिंग मारलेले असे पेशंट वाढतात. मला हे काम आवडतं. पण जे येतं ते बघून बघून आलंय, कुणी बसवून शिकवलेलं नाही.

आता खरं कारण. मागच्या महिन्यात एक ऊसतोड मजूर आला. ट्रॉलीचा दांडा पोटात बसून आतडं फाटलेलं, रात्रीच लॅप्रोटॉमी झाली, म्हणजे पोट उघडून ऑपरेशन. दुसऱ्या रात्री व्हेंटिलेटरवरच होता, पोट नगाऱ्यासारखं ताठ आणि लघवी तासाला वीस मिली. वजन साठच्या आसपास, म्हणजे तीस तरी पाहिजे. सरांना फोन लावला. सर म्हणाले, ब्लॅडर प्रेशर बघून सांग. म्हणजे लघवीच्या पिशवीतून पोटातला दाब मोजायचा. मी आयुष्यात एकदा, तेही स्लाइडवर बघितलेलं. पण "येत नाही" म्हणायला जीभ वळली नाही. फोलीला, म्हणजे लघवीच्या नळीला, क्लॅम्प लावला, पंचवीस मिली सलाइन आत सोडलं, नळी उभी धरून पट्टीवर वाचलं आणि सांगितलं, "सर, चोवीस."

सर पंधरा मिनिटांत आले. येता येता ओटीच्या लोकांना झोपेतून उठवायला सांगितलं होतं. आरएमओनं मजुराच्या बायकोला समजावलं की पोट परत उघडावं लागेल, आणि संमतीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला. सर बेडजवळ आले, पट्टीकडं बघितलं आणि विचारलं, "चोवीस कशात?"

पट्टी सेंटिमीटर पाण्याची होती. सरांना मी सांगितलेला आकडा पाऱ्याचा वाटला. वरून बेडचं डोकं तीस अंशावर उचललेलं, ते मी खाली केलंच नव्हतं. सरांनी बेड सपाट केला, शून्य काखेच्या मधल्या रेषेवर धरला, थोडं थांबून श्वास सुटल्यावर वाचलं. एकोणीस सेंटिमीटर पाणी. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आणायला एक पॉइंट छत्तीसनं भागलं तर चौदा. मग नाकातून जठरात घातलेली रायल्स ट्यूब बघितली तर गच्च बंद. ती फ्लश केल्यावर नऊशे मिली हिरवं पाणी बाहेर आलं. सलाइनचा वेग कमी केला. पहाटेपर्यंत पोट सैल, लघवी चाळीस.

सर ओरडले नाहीत. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "युनिटशिवाय मला आकडा सांगायचा नाही." ओटीचा पोरगा जांभया देत परत गेला. ती बाई मात्र सकाळपर्यंत दारात बसून, अंगठ्याला निळी शाई तशीच. मला विचारायली, "उघडायचं नव्हतं तर माझा अंगठा कामून घेतला?"

तेव्हापासून झोप लागत नाही. म्हणून विचारायलो: पीएसाठी सर्जिकल क्रिटिकल केअरचं पदवीनंतरचं नीट ट्रेनिंग असतं का? एक एजंट म्हणायला, साडेसहा लाख भर, अमेरिकेत एक वर्षाची रेसिडेन्सी लावून देतो, मग तिथंच नोकरी. वडील दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत. पगार अठरा हजार आहे माझा. काय करू?

---

नांदेडकर_चेन्नईत

भावा, आधी वडिलांना फोन कर आणि ती दोन एकर वाचव. बाकीचं मग वाच.

अमेरिकेत पीएला काम करायचं असेल तर तिथली पॅन्स नावाची परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेला बसता येतं फक्त तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून पीए झालेल्याला. आपली बी.एस्सी. त्यात धरत नाहीत. आणि तो जी रेसिडेन्सी म्हणतोय ती असते ही परीक्षा पास होऊन लायसन घेतलेल्या पीएसाठी. म्हणजे एजंट तुला माळवद विकतोय, खाली भिंती नाहीत. तिकडं जायचंच असेल तर तिथलं पीएचं मास्टर्स पहिल्यापासून करावं लागेल, साधारण सत्तावीस महिने, आणि त्याच्या फीपुढं साडेसहा लाख म्हणजे चिल्लर.

पण ते ट्रेनिंग खरं आहे, खोटं नाही. पीए हा प्रकारच तिकडं १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चालू केला, नौदलात मेडिकलचं काम केलेल्या चार जणांना घेऊन. पुढं १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माँटेफिओरे हॉस्पिटलनं पीएसाठी सर्जरीची रेसिडेन्सी काढली. आज क्रिटिकल केअरच्या रेसिडेन्सी बहुतेक बारा महिन्यांच्या असतात. काही आठवडे ट्रॉमा, काही सर्जिकल आयसीयू, कार्डियाक, न्यूरो, असं फिरवतात. रात्रपाळ्या असतात, सिम्युलेशन असतं, आणि प्रत्येक प्रोसिजर कुणीतरी बघून सही केल्याशिवाय एकट्यानं करू देत नाहीत. त्या वर्षात पगार सरळ नोकरीपेक्षा कमी मिळतो आणि ते ट्रेनिंग सक्तीचंही नाही. तरी पोरं करतात. तुझ्या त्या चोवीससाठीच करतात, असं समज.

आपल्याकडं पीएची सुरुवात १९९२ ला इथंच, मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या हाताखाली झाली, तीही हार्ट सर्जरीतून. म्हणून आपल्यातले जुने पीए बहुतेक कार्डियाकचे. मी पण त्यातलाच, चौदा वर्षं झाली.

माझं शिक्षण कसं झालं ते सांगतो. बायपासचा पेशंट ओटीतून आला की पहिले काही तास छातीचा ड्रेन हाच सगळा खेळ. नवीन होतो तेव्हा ड्रेन जास्त आला की घाबरायचो. एका रात्री ड्रेन एकदम थांबला. मी खूश, शीटवर "ड्रेन शून्य" लिहिलं. इंटेन्सिव्हिस्ट मॅडम, म्हणजे आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टर, माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी शीट नाही बघितलं, सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, बघितला. तो चढत होता, बीपी खाली येत होतं. ड्रेन गुठळीनं बंद, रक्त हृदयाभोवती साठायलेलं. वीस मिनिटांत पेशंट परत टेबलवर. नंतर मॅडम म्हणाल्या, वाहणाऱ्या ड्रेनपेक्षा अचानक वाळलेल्या ड्रेनला जास्त भी. तो पेशंट वाचला कारण त्या तिथं होत्या, घरी फोनवर नव्हत्या.

म्हणून तुला सर्टिफिकेट शोधायचं नाही, रात्री मागं उभं राहणारं माणूस शोधायचंय. "फेलोशिप" म्हणून कुणी बोलावलं तर फीच्या आधी तीन गोष्टी विचार. रात्री इंटेन्सिव्हिस्ट हजर असतो की फोनवर? प्रोसिजरचं लॉगबुक कोण सही करतो? आणि तुला एकाच आयसीयूत नोट्स लिहायला ठेवणार की फिरवणार? तिसऱ्या प्रश्नाला लई जण अडखळतात. स्वस्तातली हक्काची माणसं पाहिजेत म्हणून बोर्ड लावलेले दवाखाने मी बघितलेत.

गंभीर पेशंट सांभाळायचा दोन दिवसांचा एफसीसीएस कोर्स असतो, तो कर. चांगला आहे. पण दोन दिवस म्हणजे दोन दिवस. हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचं एसीएलएस कार्ड संपलं असेल तर तेही नवीन करून घे.

आणि एक वही घाल. मी अजून लिहितो. पेशंट, काय वाटलं, कुणाला किती वाजता फोन केला, शेवटी काय निघालं. पहिल्या वर्षाची माझी वही बघितली तर फोन करायला सरासरी तासभर उशीर. लाज वाटते वाचताना.

---

लातूरचा_सर्जन

नांदेडकरांनी बरंच सांगितलं. मी दोनच गोष्टी.

पहिली, कागदाची. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत फिजिशियन असोसिएट आहे, म्हणजे तुम्ही पीएच; तुमची नोंद सरकारदरबारी झाली. त्यानं तू डॉक्टर झालास असं नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली काम, हाच पाया. ऑर्डरखाली तुझी सही ठोकायला कुणी सांगितलं तर नाही म्हण. आणि आरएमओ झोपला म्हणून त्याच्या नावानं लिहू नकोस. आपल्याकडच्या आयसीयूत हे सर्रास चालतं, मला माहीत आहे.

दुसरी, तुझ्या चुकीची. अर्धी चूक तुझी. येत नव्हतं ते बोलला नाहीस. अर्धी तुझ्या सरांची. ज्यानं कधी ब्लॅडर प्रेशर घेतलं नाही त्याला रात्री फोनवर ते घ्यायला सांगायचं नसतं. आमच्याकडं भिंतीवर कागद लावलाय: बेड सपाट, सलाइन पंचवीस मिलीच्या वर नाही, शून्य काखेच्या मधल्या रेषेवर, श्वास सुटल्यावर वाचायचं, उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. बारापासून पुढं प्रेशर वाढलेलं धरतो. वीसच्या वर आणि जोडीला नवा अवयव बंद पडायला लागला तर कंपार्टमेंट सिंड्रोम, तेव्हा पोट उघडायचा विचार. तुझे चौदा म्हणजे पहिली पायरी. तिथं रायल्स, सलाइनवर हात आखडता, वेदना नि सिडेशन बघणं, एवढ्यानं काम होतं. तुझ्या सरांनी तेच केलं.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला शिकताना आम्हाला एक जुने सर म्हणायचे, रात्री दोनला फोन करणारा ज्युनियर मला आवडतो, सकाळी सातला सांगणारा नाही. तू दोनला फोन केलास. ते बरोबर केलंस.

---

परभणीची_सिस्टर

सगळं वाचलं. एक विचारते, राग मानू नको. त्या रात्री चार सिस्टर होत्या म्हणतोस. त्यातल्या एकीला तरी विचारलंस का?

आमच्या आयसीयूत ब्लॅडर प्रेशर सिस्टरच घेतात. बेडचं डोकं खाली करा हे कुणीही सांगितलं असतं, फुकटात. आणि रायल्स बंद आहे हे दर दोन तासाच्या चार्टवर दिसत असणार, ॲस्पिरेट (नळीतून ओढून काढलेलं पाणी) शून्य शून्य लिहून. तो चार्ट तू बघितला होतास का?

बाकी नर्सिंगमध्ये क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, दोन वर्षांची रेसिडेन्सी, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा. तुला तो चालणार नाही, त्याला आधी नर्सिंग पाहिजे. पण त्यातला एखादा तुमच्या जवळपास असेल तर त्याच्याबरोबर पाळ्या लावून घे. पीए मोठा का नर्स मोठी हे भांडण बाहेर चहाच्या टपरीवर करू.

---

माजलगावचा_पीए

सगळ्यांचे आभार. सिस्टर, चार्ट बघितला. तुमचं खरं आहे. सहा तास ओळीनं शून्य, खाली सही आमच्याच सिस्टरची, आणि राउंडला तो चार्ट मीच हातात घेऊन उभा होतो.

एजंटला नाही म्हटलं. त्याला पॅन्सचं विचारलं तर म्हणाला, "ते सगळं आतून मॅनेज होतं." फोन ठेवला. वडिलांनी पण सुटकेचा श्वास सोडला, बोलले काहीच नाहीत, फक्त विचारलं की या वर्षी हरभरा टाकायचा का.

सरांपुढं नांदेडकरदादांचे तीन प्रश्न ठेवले. पहिल्यावर गप्प राहिले. मग म्हणाले, आठवड्यातल्या दोन रात्री मी थांबतो, प्रोसिजर माझ्यासमोर, लॉगबुकवर सही मी करतो. फिरवण्याचं मात्र आमच्याकडं जमणार नाही म्हणाले, आयसीयू एकच आहे. त्यासाठी पुढच्या जूनपासून चेन्नईला यायचा विचार आहे. दादा, तुम्हाला वेगळा मेसेज टाकतो. लातूरच्या सरांचा भिंतीवरचा कागद आमच्याकडं पण लागला, आणि पट्टीवर लाल मार्करनं "सेंमी पाणी, १.३६ नं भागा" असं सिस्टरनीच लिहिलं.

पेशंट बारा दिवसांनी घरी गेला. घरी म्हणजे कारखान्याच्या तळावर, कोपीत. जाताना त्याची बायको परत त्या कागदाचं विचारायला आली, फाडून टाका म्हणाली. फाईलमधला कागद फाडता येत नाही. मी सरांना बोलावलं. सरांनी तिच्यासमोर त्या अंगठ्यावर दोन तिरप्या रेघा ओढल्या, "शस्त्रक्रिया करावी लागली नाही" असं मराठीत लिहून सही केली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मला परत एकदा वाचायला लावलं, मग गेली.