कॅनबिसला मराठीत काय म्हणायचं? भांग, गांजा की आणखी काही

माझा भाचा टोरांटोला असतो. तिथल्या ओळखीच्या मराठी मंडळींची कॅनबिसबद्दलची मतं त्याला गोळा करायची आहेत, म्हणून प्रश्नावलीचं मराठी करायला त्याने माझ्याकडे पाठवलं. "मामा, तुमचं मराठी शुद्ध आहे." इंदूरकराला कुणी एवढं म्हटलं की तो फुकटात काहीही करायला तयार होतो. प्रश्न तीनच: कायदेशीर असावं का, कर लावून विकावं का, घरी लावायची मुभा असावी का. पण पहिल्याच शब्दाशी गाडी अडली.

घरातच विचारून पाहिलं. आईला म्हटलं, गांजा कायदेशीर असावा का? "शी! कुणाच्या नादी लागलायस?" मग म्हटलं, बरं, भांग? "भांगेला काय झालंय? महाकालाचा शृंगार होतो भांगेचा." बायकोला 'कॅनबिस' म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "औषध ना ते? असू दे की." झाड एकच आणि उत्तरं तीन. भाचा ज्याला जनमत म्हणतो ते निम्मं तर मी कोणता शब्द निवडतो त्यावरच ठरणार!

यात आईची काही चूक नाही. कायदाही असाच भेद करतो. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. चरस म्हणजे राळ, ती वेगळी. म्हणून पानांची भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली, आणि आमच्याकडे परवान्याच्या दुकानात भांगेची हिरवीगार गोळी कागदाच्या कपट्यावर ठेवून मिळते. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते, त्यामुळे पुण्याहून आलेले पाहुणे त्या पाटीचा फोटो काढल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

इंग्रजांनाही एका शब्दात भागवता आलं नव्हतं. 1893-94च्या चौकशी आयोगाच्या नावातच 'हेम्प ड्रग्ज' असं अनेकवचन आहे, हेम्प म्हणजे हेच झाड. आमच्या शेजारच्या निमाडात, खंडव्याकडे, तेव्हा सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. आयोगाचा कौल सरसकट बंदीच्या विरोधात होता: कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा. म्हणजे भाच्याचा दुसरा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारून झालाय.

त्या प्रश्नातला 'कर' मला मिळमिळीत वाटतो. घरपट्टीही करच. नशेच्या मालावरच्या कराला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: अबकारी. आणि गुत्ता! आज आपण तो दारूच्या अड्ड्यालाच म्हणतो, पण मुळात गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सरकारला रक्कम भरून विक्रीचा हक्क घ्यायचा, तो गुत्ता. कराचा शब्द घसरत घसरत बदनाम जागेचं नाव होऊन बसला.

इतकं लिहून इथे टाकल्यावर ग्वाल्हेरच्या एका ताईंनी विचारलं, भांग 'तो' की 'ती'? दोन्ही, ताई. केसांचा तो भांग, प्यायची ती भांग. सामान्यरूपात फरक कळतो: भांगात कुंकू, भांगेत साखर. हिंदीत केसांची 'मांग' असते, त्यामुळे इथल्या मुलांचा गोंधळ होतो. माझ्या मुलीने शाळेतल्या निबंधात नवरीच्या 'भांगेत' कुंकू भरलं होतं, बाईंनी लाल शाईने शेजारी नुसतं उद्गारचिन्ह काढलं.

आणखी एकांनी 'विजया' सुचवला. आयुर्वेदातला शब्द आहे, भारदस्तही आहे. पण 'विजया कायदेशीर असावी का?' हे माझ्या विजूआत्यासमोर वाचायची माझी तरी छाती नाही. शिवाय तो औषधाचा शब्द, म्हणजे आधीच होकाराकडे झुकलेला. 'गांजा' नकाराकडे झुकतो. मधला शब्द आपल्याकडे नाही, कारण अख्ख्या झाडाचा एकत्र विचार करायची वेळच आपल्यावर कधी आली नाही. शेवटी मी 'कॅनबिस' ठेवून खाली 'म्हणजे भांग-गांजाचं झाड व त्यापासूनचे पदार्थ' अशी ओळ टाकली. लांबलचक झालं, पण कुणाला फसवत नाही.

तिसरा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. कॅनडात 2018पासून एका घराला चार झाडं लावता येतात, पण तिथल्या क्युबेक प्रांतात तीही नाहीत. जर्मनीत 2024पासून प्रौढ माणसाला तीन. याला मी आधी 'घरगुती लागवड' लिहिलं होतं. पण लागवड म्हटलं की डोळ्यांपुढे एकरभर ऊस उभा राहतो, आणि इथे तर बाल्कनीतल्या कुंड्या. आपला कायदा मात्र कुंडी आणि एकर असा भेद करत नाही: एक झाड लावलं तरी ती लागवडच, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. म्हणून कॅनडातल्या मराठी माणसासाठी 'घरी झाडं लावणे' केलंय.

आईला चार कुंड्यांचं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न: "तुळशीपासून लांब ठेवतात ना?"

फुलोऱ्याच्या त्या शेंड्याला निमाडात किंवा नगरकडे जुन्या शेतकऱ्यांचा काही शब्द होता का? 'तुरा' लिहावासा वाटतो, पण तुरा म्हटलं की मला ज्वारी आणि कोंबडाच आठवतो. कुणाच्या आजोबांकडून ऐकलेलं असेल तर सांगा, शुक्रवारपर्यंत पाठवायचंय.